यंत्र बदलले, पण फेरफार राहिला!

शेत विकत घेतले, पैसे मोजले, खरेदीखत झाले, पहिली नांगरटही आटोपली. पण तलाठ्याकडे फेरफार नोंदवायचा राहून गेला. मग सातबाऱ्यावर नाव कोणाचे? जुन्याच मालकाचे! पुढे पीककर्जाला गेलात की कागद परत येतो. जमीन तुमची, कब्जा तुमचा, घामही तुमचाच. तरी काम अडलेले. दोष मातीत नसतो, दोष नोंदीत असतो.

शेतकरी बंधू-भगिनींनो, घरातल्या संगणकाचेही नेमके असेच आहे. वळवाच्या पावसात वीज कडाडते, नेटच्या तारेतून झटका येतो आणि संगणकात तार खोचण्याची जागा जळते. मुलगा तालुक्याहून नवे लॅन कार्ड आणतो आणि बसवतो. दिवा लुकलुकतो, सगळे ठीक दिसते. पण पडद्याच्या कोपऱ्यात इंग्रजी पाटी झळकते : ‘विंडोज हॅज डिटेक्टेड ॲन आयपी ॲड्रेस कॉन्फ्लिक्ट’. नेट येते नि जाते. पीकविम्याचा अर्ज अर्ध्यावर अडकतो आणि मुदतीचा दिवस तर उद्यावर आलेला असतो. नाहीतर गोठ्यातला कॅमेरा बंद पडतो आणि गाय नेमकी त्याच रात्री विण्याच्या बेतात असते.

अशा वेळी घरोघरी काय होते? कोणी म्हणतो कार्डच खराब निघाले. कोणी म्हणतो तार बदला. कोणी राउटरलाच दोष देतो. पैशावर पैसे जातात आणि दुखणे आहे तिथेच राहते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! खरे पाहता या दुखण्याला बहुधा एक पैसाही लागत नाही. यंत्र बदलले, पण पत्त्याच्या नोंदीत फेरफार झाला नाही, एवढीच गोष्ट असते. तो फेरफार घरच्या घरी कसा करावा, हे आज पाहू.

गट नंबर आणि अंगावरची खूण

आपल्या देशात १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले, तेव्हा टेलिफोनच्या एका तारेवर एक संगणक असे. भांडायला दुसरे कोणी नव्हतेच. आज मोजून पाहा. चार-पाच मोबाइल, टीव्ही, संगणक, छपाईयंत्र, गोठ्याचे व अंगणाचे कॅमेरे आणि त्यांचे चित्रण साठवणारी डीव्हीआरची पेटी. ही सगळी एकाच राउटरवर जगतात. एकत्र कुटुंब झाले म्हणायचे! आणि एकत्र कुटुंबात कोणाचे ताट कोणते हे ठरलेले नसेल तर काय होते, ते आपल्याला सांगायला नको.

यातल्या प्रत्येक यंत्राला राउटर एक पत्ता देतो. त्याला आयपी पत्ता म्हणतात. चार आकडे आणि मध्ये टिंबे, असे त्याचे रूप असते. उदाहरणार्थ १९२.१६८.१.२०. प्रत्येक आकडा ० ते २५५ यांच्या मधला. हा पत्ता म्हणजे यंत्राचा गट नंबर समजा.

इथे कोणी विचारील, शेजाऱ्याच्या घरीही १९२.१६८.१.२० आहे, मग त्याच्याशी तंटा का होत नाही? त्याचे असे आहे. या जुन्या पद्धतीचे पत्ते जगात सुमारे ४२९ कोटीच होऊ शकतात आणि यंत्रे त्याहून पुष्कळ झाली. जगाच्या मध्यवर्ती कोठारातले मोकळे पत्ते ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटून संपले. पण त्याच्या कितीतरी आधी, १९९६ साली, जाणकारांनी काही पत्ते घरगुती वापरासाठी म्हणून राखून ठेवले. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते त्यांतलेच. ते घराच्या उंबऱ्याबाहेर जात नाहीत. गट नंबर २० जसा या गावातही असतो आणि पलीकडच्या गावातही असतो, तसेच हे. तंटा होतो तो एकाच गावात दोघांनी गट नंबर २० वर हक्क सांगितला तर.

पत्त्याखेरीज प्रत्येक यंत्राला आणखी एक ओळख असते. तिला मॅक म्हणतात. बारा अंक-अक्षरांची ही खूण कारखान्यातच कार्डावर उमटवलेली असते. बैलाच्या कानातल्या बिल्ल्यासारखी! बैल विकला, गाव बदलले, गोठा बदलला, तरी बिल्ला तोच. आयपी पत्ता बदलू शकतो. मॅक त्या कार्डाबरोबर राहते.

आता मुख्य गोष्ट ध्यानात घ्या. राउटर यंत्राला ओळखतो तो मॅकवरून. तुम्ही लॅन कार्ड बदलले किंवा संगणकाचा मुख्य बोर्ड बदलला, तर बाहेरून पेटी तीच दिसते, आतली माहितीही तीच असते. पण राउटरच्या लेखी घरात अनोळखी पाहुणा आला. आणि जुना मात्र कागदावर अजून हयातच आहे.

तंटा लागतो तरी कसा?

पत्ते देण्याच्या दोन रीती आहेत. पहिली आपोआप देण्याची. राउटर आपल्या चोपडीतला मोकळा नंबर पाहतो आणि काही तासांच्या किंवा दिवसांच्या बोलीने यंत्राला देतो. जणू खंडाने दिलेली जमीन. मुदत संपत आली की यंत्र पुन्हा मागते आणि राउटर पुन्हा देतो. या रीतीला डीएचसीपी म्हणतात. दुसरी रीत म्हणजे आपण यंत्रात जाऊन स्वतःच्या हाताने पत्ता कायमचा लिहायचा. कॅमेरे बसवणारे कारागीर डीव्हीआरला पुष्कळदा असाच पत्ता देऊन जातात.

दोन्ही रीती आपापल्या जागी चांगल्या आहेत. पण हाताने लिहिलेल्या पत्त्याची खबर राउटरच्या चोपडीला नसते, आणि घोळ तिथे होतो. घरोघरी दिसणारी कारणे अशी :

पहिले कारण. जुन्या संगणकाला हाताने १९२.१६८.१.२० दिलेला होता. नवा संगणक आला, त्यालाही छपाईयंत्र चालावे म्हणून तोच पत्ता लिहिला. जुना मुलांना खेळायला माडीवर ठेवला. तो ज्या दिवशी कोणी चालू केला, त्या दिवशी तंटा सुरू. एका म्यानात दोन तलवारी!

दुसरे कारण. एकाच कंपनीचे दोन कॅमेरे किंवा दोन डीव्हीआर घेतले. कारखान्यातून निघताना काही कंपन्या सगळ्यांना एकच पत्ता देतात, १९२.१६८.१.६४ किंवा १९२.१६८.१.१०८ हे आकडे पुष्कळ ठिकाणी दिसतात. दोन्ही एकदम जोडले की दोघेही एकाच दारावर हक्क सांगतात.

तिसरे कारण. नवा राउटर आला, म्हणून जुना गोठ्याकडे वायफाय पोहोचवायला लावला. पण जुन्याला कोणी सांगितलेच नाही की आता वाटप तुझ्याकडे नाही. एका गावात दोन तलाठी! दोघेही त्याच नंबरांचे उतारे देत सुटतात. शिवाय दोघांचा स्वतःचा पत्ताही १९२.१६८.१.१ असाच असतो.

चौथे कारण. वीज गेली, राउटर बंद पडला. पण इन्व्हर्टरवरचा संगणक चालूच राहिला. पुष्कळ घरगुती राउटरांची चोपडी बंद पडल्यावर कोरी होते. वीज आल्यावर एखादा राउटर पूर्ण खात्री न करता तोच नंबर दुसऱ्याला देऊन बसतो.

पाचवे कारण क्वचित आढळते, पण आढळते. तारेसाठीचे अगदी स्वस्त यूएसबी जोड मिळतात, त्यांतल्या काही मालावर दोन-दोन नगांना एकच मॅक उमटवलेली असते. एकाच नंबरचे दोन बिल्ले म्हणा ना! राउटरला वाटते यंत्र एकच आहे, आणि तो दोघांनाही एकच पत्ता देतो.

लक्षणे ओळखा

नेट पूर्ण बंद असेल तर दोष तारेत, वीजपुरवठ्यात किंवा नेट पुरवणाऱ्याकडे असू शकतो. पत्त्याच्या तंट्याचे लक्षण निराळे. नेट येते, जाते, पुन्हा येते. एक यंत्र चालू केले की दुसरे बंद पडते. आजोबांनी टीव्ही लावला की मुलाचा ऑनलाइन तास तुटतो, असे रोज ठरलेल्या वेळी होत असेल तर शंका घ्या.

दुसरे पक्के लक्षण म्हणजे संगणकाचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होणे. यंत्र पत्ता वापरण्याआधी तारेवर हाक देते, ‘हा नंबर कोणाचा आहे का हो?’ ही हाक देण्याची रीत १९८२ साली ठरली आणि तंटा टाळण्यासाठी ती कशी वापरावी याचे नियम २००८ साली लिहिले गेले. कोणी ‘माझा आहे’ म्हणाले, की सभ्य यंत्र मागे सरते आणि १६९.२५४ चा तात्पुरता पत्ता घेऊन ओसरीवर बसते. या पत्त्यावरून नेट चालत नाही. अर्थात राउटरकडून काहीच उत्तर आले नाही तरी हाच पत्ता दिसतो. म्हणून तार नीट खोचली आहे ना, हे आधी पाहावे.

उपाय : सोप्यापासून अवघडाकडे

पुढच्या कामात थोडे इंग्रजी लिहावे लागते. घरातल्या शाळकरी मुला-मुलींना जवळ घ्या. त्यांनी टाइप करावे, आपण वाचून सांगावे. काम झटपट होते आणि मुलेही चार गोष्टी शिकतात.

पहिली पायरी. सगळी यंत्रे बंद करा. मोबाइलचे वायफायही बंद करा. राउटरची वीज काढा आणि एक मिनिट थांबा. मग आधी फक्त राउटर चालू करा आणि दोन-तीन मिनिटे त्याला सावरू द्या. त्यानंतर यंत्रे एकेक करून चालू करा, सर्वांत शेवटी नवे कार्ड घातलेला संगणक. वीज गेल्या-आल्याने झालेला तंटा एवढ्यावर मिटतो.

दुसरी पायरी. संगणकाला पत्ता आपोआप घेऊ द्या. कळफलकावर विंडोजचे चिन्ह असलेली कळ आणि ‘आर’ एकत्र दाबा. छोटी खिडकी उघडेल. तिथे ‘एनसीपीए डॉट सीपीएल’ इंग्रजीत लिहून एंटर दाबा. डॉट म्हणजे टिंब. नेटच्या जोडण्यांची चिन्हे दिसतील. चालू असलेल्या ‘ईथरनेट’वर उजवी कळ दाबून ‘प्रॉपर्टीज’ निवडा. मग ‘इंटरनेट प्रोटोकॉल व्हर्जन ४’ ही ओळ निवडून खालचे ‘प्रॉपर्टीज’ बटण दाबा. तिथे हाताने लिहिलेले आकडे असतील तर ते आधी वहीत उतरवून घ्या. नंतर ‘ऑबटेन ॲन आयपी ॲड्रेस ऑटोमॅटिकली’ यावर खूण करा, खाली डीएनएससाठीही आपोआपचीच खूण करा आणि ‘ओके’ म्हणा. बहुतेक घरांचे काम इथेच फत्ते होते.

तिसरी पायरी. जुना खंड सोडून नवा मागा. शोधाच्या जागी ‘सीएमडी’ लिहून काळी खिडकी उघडा. तिच्यात ‘आयपीकॉन्फिग’, मग एक जागा सोडून तिरकी रेघ आणि तिला लागून ‘रिलीज’ असे लिहून एंटर दाबा. नंतर तसेच ‘आयपीकॉन्फिग’ आणि ‘रिन्यू’. पहिल्याने संगणक आपला पत्ता सोडतो, दुसऱ्याने नवा मागतो. मोबाइलवर असाच तंटा असेल तर वायफायच्या यादीत आपल्या घरचे नाव दाबून ‘फर्गेट’ म्हणा आणि पासवर्ड घालून पुन्हा जोडा.

चौथी पायरी. नंबरावर बसलेला दुसरा कोण, ते शोधा. संगणकाने आता निराळा पत्ता घेतला आहे. जुना तंट्याचा पत्ता १९२.१६८.१.२० होता असे समजा. काळ्या खिडकीत ‘पिंग’ लिहून एक जागा सोडा आणि पुढे तो पत्ता लिहा. उत्तरात बाइट्स आणि टाइमचे आकडे आले, तर त्या पत्त्यावर कोणीतरी बसले आहे हे नक्की. उत्तर नाही आले तरी लगेच निष्कर्ष काढू नका. काही यंत्रे हाकेला ओ देत नाहीत. लगोलग ‘आर्प’, एक जागा, मग आडवी छोटी रेघ आणि ‘ए’ असे लिहा. यादीत १९२.१६८.१.२० समोर बारा अंक-अक्षरांची मॅक दिसली, तर चोराच्या पावलाचा ठसाच मिळाला. ती मॅक डीव्हीआर, छपाईयंत्र, टीव्ही यांच्या पाठीवरच्या चिठ्ठ्यांशी ताडून पाहा. चिठ्ठी पुसली असेल तर एकेक यंत्राची तार काढा, दोन-तीन मिनिटे थांबा आणि पुन्हा तपासा. ज्याची तार काढल्यावर उत्तर थांबेल, तोच धनी. हे न करता कार्ड बदलणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी देणे होय.

मेलेल्याच्या नावावरचा उतारा

कार्ड बदललेल्या संगणकात आणखी एक गंमत होते. नव्या कार्डाला जुना पत्ता हाताने लिहायला गेलात, की विंडोज सांगते : हा पत्ता दुसऱ्या कार्डाला दिलेला आहे आणि ते कार्ड आता या संगणकात नाही. म्हणजे जळालेले कार्ड काढून भंगारात टाकले, तरी त्याच्या नावाचा उतारा संगणकाच्या दप्तरात जिवंत आहे. वारस लावायचा राहिला!

या पाटीवरच विंडोज विचारते की, गैरहजर कार्डाची नोंद काढून टाकू का? ‘यस’ म्हणावे. पाटी चुकून बंद केली असेल तर नोंद अशी काढावी. विंडोजच्या ‘स्टार्ट’ बटणावर उजवी कळ दाबून ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडा. वरच्या ‘व्ह्यू’ मध्ये ‘शो हिडन डिव्हायसेस’ निवडा. ‘नेटवर्क ॲडाप्टर्स’ उघडले की काही नावे फिक्कट दिसतील. ती सध्या हजर नसलेल्या भागांची. त्यांत तुमच्या जळालेल्या कार्डाचे नाव असेल, त्यावर उजवी कळ दाबून ‘अनइन्स्टॉल डिव्हाइस’ म्हणा. फक्त तेच नाव काढा. ‘वॅन मिनिपोर्ट’ आणि तशी दिसणारी इतर नावे विंडोजची स्वतःची असतात. त्यांना हात लावू नका. तण काढताना रोपे उपटू नयेत, तेवढेच.

मुख्य बोर्डावरची तारेची जागा जळून वरून नवे कार्ड घातले असेल, तर जुनी जागा फिक्कट न दिसता चालूच दिसू शकते. तिथे ती काढण्याऐवजी ‘डिसेबल’ करावी.

आणखी एक. नवे कार्ड घातल्यावर विंडोज घरच्या नेटला कधी कधी परके समजते. मग नेट चालते, पण सामाईक छपाईयंत्र किंवा दुसऱ्या संगणकातली कागदपत्रे दिसत नाहीत. हा पत्त्याचा तंटा नव्हे. ‘सेटिंग्ज’मध्ये नेटवर्कखाली ‘पब्लिक’ ऐवजी ‘प्रायव्हेट’ निवडले की घरची माणसे घरात येतात. बाहेरगावच्या किंवा दुकानातल्या नेटवर मात्र ‘पब्लिक’च ठेवावे.

दोन तलाठी असतील तर

जुना राउटर गोठ्याकडे लावायचा असेल तर आधी तो एकटाच तारेने संगणकाला जोडा. मुख्य राउटर त्या वेळी जोडलेला नको. संगणकाच्या ब्राउझरमध्ये जुन्या राउटरचा पत्ता लिहून त्याचे पान उघडा. पत्ता आणि प्रवेशाचे शब्द बहुधा त्याच्या बुडाशी चिकटवलेले असतात. आता दोन कामे करा. ‘लॅन’च्या पानावर त्याचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.१ ऐवजी १९२.१६८.१.२ करा. पत्ता बदलला की पान तुटेल, म्हणून नव्या पत्त्याने पुन्हा आत शिरा. मग ‘डीएचसीपी’ बंद करा. त्यानंतर मुख्य राउटरच्या लॅनच्या भोकातून आलेली तार जुन्याच्याही लॅनच्याच भोकात लावा. ‘वॅन’ लिहिलेल्या निराळ्या रंगाच्या भोकात नको. आता वाटप एकाकडेच राहील आणि जुना फक्त पाटाचे पाणी पुढे नेईल. मुख्य राउटरचे पत्ते १९२.१६८.० ने सुरू होत असतील, तर जुन्यालाही त्याच मालिकेतला पत्ता द्यावा.

एकसारखे दोन कॅमेरे असतील तर एकावेळी एकच जोडा, त्याचा पत्ता बदला, मग दुसरा जोडा. दोघे एकदम जोडून कोणाशी बोलतो आहोत हे कळत नाही. आणि एकाच मॅकचे दोन यूएसबी जोड हाती आले असतील, तर त्यातला एक दुकानदाराला परत करावा हे उत्तम.

कायमचा बंदोबस्त : एक वही

तंटा मिटला, आता पुन्हा उद्भवू नये यासाठी बांध नीट घालू. घरच्या पत्त्यांचे असे वाटप करावे : १ मुख्य राउटरला. २ ते ९ दुसऱ्या राउटरांना. १० ते ४९ हाताने पत्ता द्यायच्या यंत्रांना, म्हणजे डीव्हीआर, कॅमेरे, छपाईयंत्र. १०० ते १९९ राउटरने आपोआप वाटायला. हे आकडे पत्त्याचा शेवटचा भाग होत. राउटरच्या डीएचसीपीच्या पानावर सुरुवात आणि शेवट लिहायची जागा असते. तिथे १०० आणि १९९ घालावे. मग हाताने दिलेले आणि आपोआप दिलेले पत्ते एकमेकांच्या बांधावर येणार नाहीत.

याहून चांगला मार्ग म्हणजे राखीव पत्ता. राउटरच्या पानावर ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ नावाची सोय असते. तिथे यंत्राची मॅक आणि त्याला द्यायचा पत्ता लिहून ठेवला की यंत्र आपोआपच्याच रीतीवर राहते, तरी त्याला दर वेळी तोच पत्ता मिळतो. सगळी नोंद एका चोपडीत! मात्र इथे फेरफाराची आठवण ठेवावी लागते. कार्ड बदलले की मॅक बदलते. राखीव पत्ता जुन्या मॅकच्याच नावावर राहतो आणि नव्या कार्डाला मिळत नाही. म्हणून जुनी ओळ पुसून नवी मॅक लिहा. मोबाइलसाठी पत्ता राखून ठेवायचा असेल तर आणखी एक गोष्ट पाहा. अँड्रॉइड १० पासूनचे पुष्कळ फोन आणि आयओएस १४ पासूनचे आयफोन खरी मॅक झाकून प्रत्येक वायफायला निराळी दाखवतात. फोनच्या वायफायच्या पानावर जी मॅक दिसते तीच राउटरमध्ये लिहावी.

आणि हे सगळे एका साध्या वहीत उतरवून ठेवा. यंत्राचे नाव, ते कुठे आहे, मॅक, पत्ता, आपोआप की हाताने, आणि बदल कोणत्या तारखेला केला. पान एकच लागते. दुधाचा हिशेब आपण ठेवतो, खतांच्या पावत्या जपतो, मग हे का नको? विंडोज १० ला कंपनीकडून मिळणारा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यामुळे जुने संगणक जाऊन घरोघरी दुसरे येत आहेत. म्हणजे हा फेरफार पुष्कळांना करावा लागणार.

एवढे मात्र करू नका

राउटरच्या पाठीमागे टाचणी जाईल असे बारीक भोक असते. वैतागून त्यात टाचणी खुपसू नका. राउटर कारखान्यातून आला तसा कोरा होतो आणि नेट पुरवणाऱ्याने भरलेली माहिती पुसली गेली, तर त्याचा माणूस येईपर्यंत घर अंधारात.

संगणकाची पेटी उघडताना वीज बटणाने बंद करून भागत नाही. खटक्यातून पिनच काढा. आभाळात विजा दिसू लागल्या की संगणकाची नेटची तारही काढून ठेवा. कार्ड जळण्याची पाळीच येणार नाही.

राउटरचे पान पहिल्यांदा उघडाल तेव्हा कारखान्याचा सोपा पासवर्ड बदला आणि तो वहीच्या आतल्या पानावर लिहून वही कपाटात ठेवा. कॅमेऱ्यांचेही तसेच. आपले अंगण आपणच पाहावे, परक्याने नव्हे.

आणि कारागीर बोलावलाच, तर तो जाण्यापूर्वी त्याला एवढेच विचारा, ‘दादा, कोणत्या यंत्राला कोणता पत्ता दिलास?’ त्याने सांगितलेले त्याच्यासमोर वहीत लिहून घ्या. तो पुन्हा यायला आठ दिवस लागतील. वही मात्र घरात असेल.

जमिनीचा फेरफार करायला कार्यालयात खेपा घालाव्या लागतात. या फेरफारासाठी एक मोकळी दुपार, एक वही आणि घरातले एक चुणचुणीत मूल पुरते. पीकविम्याची मुदत किंवा मुलीच्या परीक्षेचा अर्ज तोंडावर येण्याची वाट पाहू नका. येत्या रविवारी दुपारची जेवणे आटोपली की राउटर, संगणक, डीव्हीआर आणि छपाईयंत्र यांच्या पाठीवरच्या चिठ्ठ्या वाचून पहिले पान लिहून काढा.